साठ टक्के अ‍ॅडव्हान्स

मिक्सरच्या बेसचा एक मोल्ड, म्हणजे प्लास्टिक ओतायचा साचा, करून घ्यायचा होता. टू कॅव्हिटी, ७१८ स्टील, पाच लाख शॉट्सचं आयुष्य. भोसरीतल्या आमच्या नेहमीच्या टूलरूमवाल्याकडून कोटेशन घेतलं आणि रिवाजाप्रमाणे चीनमधल्या जुन्या सप्लायरलाही ड्रॉइंग पाठवून दिलं. झेजियांग प्रांतात हुआंगयान म्हणून मोल्डवाल्यांचं गाव आहे, तिथला हा कारखाना. याच मापाचा मोल्ड त्याने आम्हाला काही वर्षांपूर्वी चौदा हजार डॉलरला दिला होता. या वेळी बारापर्यंत तरी खाली ओढायचा, असं मनाशी ठरवून मी घासाघीस करायच्या तयारीत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल हजर. नऊ हजार चारशे. आणि खाली एक ओळ, की तुमच्या डोक्यात वेगळा आकडा असेल तर सांगा, जमवून घेऊ.

शेठ खूश झाले. "घेऊन टाका, आता विचार कसला करताय?" मी मात्र कागद ओढून स्टीलचं वजन काढायला बसलो. ठोकळ्याचा भाव, हॉट रनर, हीट ट्रीटमेंट, मशीनचे तास, पॅकिंग, निंगबो बंदरापर्यंतचं भाडं. बेरीज साडेनऊच्या पुढे गेली. नफ्याचं सोडा, यात त्याच्या कामगारांचा पगारही धड सुटत नव्हता. मग पीआयचं, म्हणजे त्याने पाठवलेल्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसचं, दुसरं पान उघडलं. आमच्या व्यवहारात चाळीस टक्के अ‍ॅडव्हान्स, टी-वन, म्हणजे पहिल्या ट्रायलचं सॅम्पल पास झाल्यावर तीस आणि माल बोटीवर चढण्याआधी उरलेले तीस, असं वर्षानुवर्षं ठरलेलं. या वेळी त्याने साठ टक्के अ‍ॅडव्हान्स मागितला होता.

पर्चेसमध्ये हयात गेलेल्या माणसाला स्वस्त मिळालं की आनंद होतो; फार स्वस्त मिळालं की धसका बसतो.

पहिल्यांदा हुआंगयानला गेलो तेव्हाचा तो मालक आठवतो. शांघायहून ताइचोपर्यंतची ती ट्रेन, खिडकीच्या कडेवर ठेवलेल्या ग्लासातलं पाणी हलत नव्हतं, आणि बाहेर नजर जाईल तिथपर्यंत पिवळ्या क्रेन. अर्धवट इमारतींवर रात्री वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना दिसायच्या. कारखान्यात शिरलं की ठिणगीने पोलाद कोरणाऱ्या ईडीएम मशीनच्या तेलाचा आणि जळक्या लोखंडाचा वास नाकात बसायचा, तो हॉटेलात अंघोळ करूनही जायचा नाही. मालक काळ्या जर्मन गाडीतून यायचा, जेवताना एकामागून एक तिखट दारूचे पेले रिकामे करायला लावायचा आणि दुभाष्यामार्फत ऐकवायचा, की तुमचं इंडिया चांगलं आहे, पण फार हळू चालतं. किमतीवर बोलायला गेलं की हसून मान हलवायचा. नको असेल तर नका घेऊ, रांगेत तुर्की आहेत, ब्राझीलवाले आहेत. परत आलो तो गुरुवार होता आणि गुरुवार म्हणजे आमच्याकडे वीज बंद. चहाच्या टपरीवर कुणीतरी ते नेहमीचं वाक्य टाकलंच, "आपल्याला दहा वर्षं असाच एक दांडक्याचा माणूस पाहिजे, मग बघा." मला तेव्हा त्यात तथ्य वाटायचं आणि तसं वाटतंय याचं जरा अवघडल्यासारखंही व्हायचं.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो तर तोच कारखाना निराळा वाटला. मशीन तेवढीच, उलट दोन नवीन आलेली, पण काहींवर प्लास्टिकची कव्हरं चढलेली. मालक स्वतः चहा ओतत होता. गाडी बदलली होती, छोटी झाली होती. जेवायला नेलं, पण घरासारख्या साध्या खाणावळीत, आणि दारूचा विषय कुणी काढला नाही. स्टेशनवर सोडायला त्यांची सेल्स मॅनेजर आली. तिशीच्या मध्यातली असेल, आमच्याशी गेली कित्येक वर्षं तीच बोलते. तिची इवलीशी इलेक्ट्रिक गाडी, डॅशबोर्डवर टॅबलेटएवढा स्क्रीन. खाणावळीत ती हवापाण्याबद्दल बोलत होती. गाडीत बसल्यावर तिने गाणी लावली, आवाज थोडा मोठा केला आणि मग आपल्या फ्लॅटबद्दल सांगायला लागली.

ती मूळची हनान प्रांतातली. झेंगचौ शहरात तिने आणि नवऱ्याने २०१९ साली एक फ्लॅट बुक केला. डाउन पेमेंटला दोघांच्या आईवडिलांची पुंजी गेली, म्हणजे चार म्हाताऱ्यांची. दोघंही एकुलती एक. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू झाला, कारण तिथे घर कागदावर असतानाच बँक पूर्ण कर्ज सोडते. इमारत सव्वीस मजल्यांपर्यंत चढली आणि थांबली. काँक्रीट उभं आहे, खिडक्या नाहीत, लिफ्टच्या जागी भोक. आपल्या तेराव्या मजल्यावर ती जिन्याने चढून गेली होती एकदा. कबुतरं होती म्हणाली. हप्ता मात्र चालू आहे, आणि इकडे भाड्याची खोली.

यातलं गणित आपल्याकडच्या कुणालाही चटकन कळेल, पण त्याचा आवाका डोक्यात बसायला वेळ लागतो. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारच्या मालकीची. स्थानिक सरकारं ती बिल्डरला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकतात, आणि त्या पैशातून रस्ते, मेट्रो, पूल, पगार सगळं चालतं. घरपट्टी म्हणून नाव घ्यावं असं तिथे जवळजवळ काही नाही. जमीन विकणं हेच मोठं उत्पन्न. बिल्डर कर्जाने जमीन घेणार, पायाही न खणता फ्लॅट विकणार, आलेल्या पैशातून पुढची जमीन घेणार. घराच्या किमती चढत्या होत्या तोवर यात कुणाचंच बिघडत नव्हतं. शेअर बाजारावर लोकांचा विश्वास नाही, पैसा देशाबाहेर न्यायला कडक मर्यादा, बँकेत व्याज नगण्य. मग मध्यमवर्गाने घरात नाही तर कुठे पैसे घालायचे? एक घर राहायला, एक मुलाच्या लग्नासाठी, जमलं तर एक नुसतं कुलूप लावून ठेवायला.

ऑगस्ट २०२० मध्ये बीजिंगने बिल्डरांच्या कर्जावर तीन मर्यादा घातल्या. 'तीन लाल रेषा' असंच त्यांचं नाव पडलं. औषध बरोबर होतं. घरं राहण्यासाठी असतात, सट्ट्यासाठी नव्हे, हे शी जिनपिंग २०१६ पासून सांगत होते आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. पण नवं कर्ज बंद झालं तसं कळलं, की जुन्या गिऱ्हाइकांची घरं नव्या गिऱ्हाइकांच्या पैशांवर बांधली जात होती. एव्हरग्रांड ही त्यातली सगळ्यात जास्त कर्ज असलेली कंपनी. फुटबॉल क्लब, बाटलीबंद पाणी, इलेक्ट्रिक मोटारी, सगळ्यात हात घातलेली. देणी तीनशे अब्ज डॉलरच्या वर. डिसेंबर २०२१ मध्ये तिने कर्ज थकवल्याचं अधिकृत झालं, २०२३ मध्ये संस्थापक ताब्यात घेतला गेला, २९ जानेवारी २०२४ ला हाँगकाँगच्या न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. त्याआधी २०२२ च्या उन्हाळ्यात जिंगदेझेन इथल्या एव्हरग्रांडच्याच एका अर्धवट प्रकल्पातल्या गिऱ्हाइकांनी पत्र काढलं, की काम सुरू करा नाहीतर हप्ते बंद. बघता बघता तीनशेहून जास्त प्रकल्पांतून तशीच पत्रं निघाली. ज्या देशात चार माणसं फलक घेऊन उभी राहणं धोक्याचं, तिथे माणसांनी विरोधाचा तेवढा एकच मार्ग शोधला होता: बँकेचा हप्ता.

आमच्या सेल्स मॅनेजरने हप्ता थांबवला नाही. "माझ्या नावापुढे काळी खूण आली तर विमानाचं तिकीटही मिळणार नाही," म्हणाली, "मग तुम्हाला भेटायला प्रदर्शनाला कशी येणार?"

झेंगचौचं नाव आलं की मला आणखी एक गोष्ट आठवते, आणि ती मला कुठल्याही कर्जाच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. एप्रिल २०२२ मध्ये हनानमधल्या काही ग्रामीण बँकांनी ठेवीदारांचे पैसे अडकवले. मोबाइलवर खातं दिसायचं, पैसे निघायचे नाहीत. लोक देशभरातून जाब विचारायला झेंगचौला निघाले. ते करोनाचे दिवस होते आणि प्रत्येकाच्या फोनवर आरोग्याचा कोड असायचा. हिरवा असेल तर फिरा, लाल झाला तर जागेवर थांबा. स्टेशनवर उतरल्याबरोबर या लोकांचे कोड लाल झाले. कुणाला ताप नाही, खोकला नाही. त्याच गाडीतून आलेल्या, ज्यांची त्या बँकेत ठेव नव्हती अशांचे कोड हिरवेच राहिले. बोभाटा इतका झाला की सरकारला चौकशी करावी लागली. तेराशेहून अधिक ठेवीदारांचे कोड मुद्दाम लाल केल्याचं निघालं आणि पाच अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. जुलैत लोक मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेच्या पायऱ्यांवर जमले तेव्हा पांढऱ्या शर्टातल्या माणसांनी त्यांना फरफटत खाली आणलं. पुढे बऱ्याच जणांना टप्प्याटप्प्याने पैसे मिळालेही. पण रोगासाठी बनवलेलं यंत्र इतक्या सहज ठेवीदाराकडे वळवता येतं हे एकदा पाहिलं, की माणूस आपली उरलेली पुंजी कुठे ठेवेल? कुठेच गुंतवणार नाही. खर्चही करणार नाही. बँकेत, सरकारी, मोठ्या, निमूट. २०२२ मध्ये चिनी कुटुंबांच्या ठेवी एका वर्षात जवळपास अठरा लाख कोटी युआनने वाढल्या त्या अशा.

स्थानिक सरकारांचं तर विचारूच नका. जमीनविक्रीतून २०२१ मध्ये सुमारे पावणेनऊ लाख कोटी युआन आले होते. २०२४ पर्यंत हा आकडा पाच लाख कोटींच्या खाली आला. हे उत्पन्न जवळपास अर्धं झालं आणि कर्ज तसंच राहिलं. यातला माझा आवडता (आवडता म्हणणं बरं नव्हे) नमुना म्हणजे ग्वेझोउ प्रांतातला दुशान तालुका. लोकवस्ती साडेतीन-चार लाख, प्रांत देशातल्या गरिबांपैकी, आणि असल्या प्रकल्पांपायी चाळीस अब्ज युआनचं कर्ज केलेल्या या तालुक्याने डोंगरात एक भला मोठा पारंपरिक धाटणीचा मनोरा उभारला. वर रंगीत कमानी, खाली अर्धवट पायऱ्या, पर्यटक शून्य. २०२० मध्ये त्याचा व्हिडिओ फिरला तेव्हा चिनी लोकांनीच डोक्याला हात लावला. याच ग्वेझोउमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये हुआजियांग दरीवरचा पूल सुरू झाला, नदीपासून ६२५ मीटर उंच, जगातला सर्वांत उंच. दोन तासांची वाट दोन मिनिटांवर आली. व्हिडिओ पाहताना माझा इंजिनिअरचा जीव वेडा झाला. केबलवर ढग लोंबकळतायत, खाली दोऱ्यासारखी नदी. आणि हाच तो प्रांत, ज्याच्या सरकारी संशोधन केंद्राने २०२३ मध्ये लिहून टाकलं होतं, की कर्जाचा प्रश्न आम्हाला आमच्या बळावर सोडवता येणार नाही. तो लेख पुढे काढून टाकण्यात आला. पूल आहे.

उत्तरेला रशियाच्या सीमेजवळ हगांग नावाचं कोळशाचं शहर आहे. कोळसा सरत आला, पोरं निघून गेली, आणि तिथे पन्नास-साठ हजार युआनला, म्हणजे सहा-सात लाख रुपयांत, आख्खा फ्लॅट मिळतो म्हणून ते देशभर गाजलं. २०२१ च्या अखेरीस तिथल्या सरकारने पैसे नाहीत म्हणून साध्या कर्मचाऱ्यांची भरतीच रद्द केली. मोठ्या शहरांत दमलेली काही पोरं आता तिथे जाऊन स्वस्तात राहतात आणि ऑनलाइन मिळेल ते काम करतात म्हणे. मला त्यांचा हेवा वाटला की कीव आली, हे अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मग प्रश्न येतो आकड्यांचा. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षी 'सुमारे पाच टक्के' वाढीचं लक्ष्य ठरलं आणि तिन्ही वर्षी ते गाठलं गेलं. २००७ मध्ये ल्याओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख असलेले ली केचियांग अमेरिकेच्या राजदूतासोबत जेवताना म्हणाले होते, की जीडीपीचे आकडे माणसांनी बनवलेले असतात. मी आपला विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं एवढंच बघतो. ते बोलणं पुढे फुटलं. हेच ली २०१३ मध्ये पंतप्रधान झाले. त्याच ल्याओनिंगच्या गव्हर्नरने २०१७ मध्ये मान्य केलं, की आमच्याकडे काही वर्षं महसुलाचे आकडे फुगवले जात होते. मे २०२० मध्ये ली यांनी पत्रकारांसमोर आणखी एक खरं सांगून टाकलं: साठ कोटी चिनी लोकांचं महिन्याचं उत्पन्न हजार युआनच्या आसपास आहे. गरिबी संपल्याचे सोहळे व्हायचे होते त्या वर्षी. २०२३ मध्ये पंतप्रधानपद गेलं आणि त्याच ऑक्टोबरात ते वारलेही.

त्याच वर्षी जूनमध्ये शहरी तरुणांमधली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली होती. ऑगस्टमध्ये सरकारने यावर उपाय केला: आकडा जाहीर करणंच थांबवलं. काही महिन्यांनी नव्या पद्धतीने, शिकणाऱ्या मुलांना वगळून, तो परत आला तेव्हा १४.९ झाला होता. वगळण्यामागचं कारण अगदीच खोटं नाही, इतर देशांतही यावर वाद होतात. पण थर्मामीटर आधी फोडायचा आणि मग नवा आणून ताप उतरल्याचं सांगायचं, म्हटल्यावर घरातली माणसं कपाळाला हातच लावून बघणार. आणि मला खरी गंमत वाटते ती वरच्या माणसाची. खालच्याने वाईट बातमी वर पाठवली तर त्याची बढती जाते, म्हणून तो पाठवत नाही. वरच्याला सगळं कळावं म्हणून केलेली ही सगळी मांडणी, आणि तिथे बसून त्याला नेमकं किती खरं दिसत असेल? आमच्या छोट्याशा कारखान्यातही रिजेक्शनचा आकडा शेठपर्यंत पोचेतो निम्मा होतो. तिथे तर एकशेचाळीस कोटी लोक आहेत.

पाच टक्के वाढ आणि मरगळ एकाच वेळी कशी असू शकते, हे मला अर्थशास्त्राच्या लेखांनी नाही पटवलं, त्या कारखान्यातल्या फळ्याने पटवलं. तिथे महिन्याला किती मोल्ड बाहेर पडले ते खडूने लिहितात. आकडा पूर्वीपेक्षा मोठा होता. मालक म्हणाला, मोल्ड जास्त काढतो, पैसे कमी मिळवतो. सगळ्या देशाचंच हे झालंय. मालाचे कारखाना-भाव ऑक्टोबर २०२२ पासून तीन वर्षांहून जास्त काळ सतत घसरत राहिले. माल मोजला तर वाढ, पैसे मोजले तर त्याहून बरीच कमी. बीवायडीने मे २०२५ मध्ये आपली छोटी इलेक्ट्रिक मोटार ५५,८०० युआनपर्यंत, म्हणजे पावणेसात लाखांच्या आत आणली. खप दाखवायचा म्हणून न चाललेल्या नव्या गाड्या कागदोपत्री विकून 'सेकंड हँड' म्हणून बाजारात आणल्या जातात, हे खुद्द ग्रेट वॉल मोटरच्या प्रमुखाने बोलून दाखवलं. मोटारधंद्यातही एक एव्हरग्रांड आहे, फक्त ती अजून फुटलेली नाही, असंही ते म्हणाले. गाडीवाला सप्लायरचे पैसे महिनोन्महिने थकवणार, सप्लायर मोल्डवाल्याचे. शेवटी जून २०२५ मध्ये मोटार कंपन्यांना जाहीर करावं लागलं, की आम्ही साठ दिवसांत पैसे देऊ. आमचा मालक हे ऐकून नुसता हसला होता.

यावर उपाय काय, हे तिथल्या अर्थतज्ज्ञांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? लोकांच्या हातात पैसा द्या. चीनमध्ये घरगुती खर्च जीडीपीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडे साठच्या. म्हातारपणाची आणि दवाखान्याची सोय नाही म्हणून माणूस खर्च करत नाही. केंद्राने ठरवलेलं ग्रामीण वृद्धांचं किमान पेन्शन २०२४ मध्ये महिना १२३ युआन होतं. रुपयांत मांडून पाहिलं तर दीड हजाराला जरा कमीच. म्हणजे लाडक्या बहिणीएवढं! प्रांत त्यात आपली भर घालतात, शांघायमध्ये बरंच जास्त मिळतं, हे खरं. तरी माणशी उत्पन्न आपल्या पाचपट असलेल्या आणि स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या देशाची ही किमान रक्कम आहे. लोकांना आळशी करणाऱ्या 'कल्याणवादा'च्या सापळ्यात आपण पडता कामा नये, असं शी यांनी २०२१ मध्ये लिहिलं. कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणिसाने. आपल्याकडची फुकट वाटपाविरुद्धची व्हॉट्सअ‍ॅपवरची व्याख्यानं त्यापुढे मवाळ वाटावीत.

माझी समजूत अशी झाली आहे, की यात कंजूषपणा थोडा आणि भीती जास्त आहे. पूल बांधायचा पैसा पक्षाच्या हातातून जातो. कंत्राटदार, बँक, गव्हर्नर सगळे ओळीत उभे राहतात. पेन्शनचा पैसा म्हातारीच्या खात्यात गेला की ती त्याचं काय करील हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पुढच्या वर्षी तो तिचा हक्क होऊन बसतो. ज्या राज्याला हुकूम द्यायची सवय आहे त्याला कारखाना काढ म्हणता येतं, धरण बांध म्हणता येतं. खरेदी कर, लग्न कर, उद्याची खात्री बाळग, हे कसं म्हणायचं? २०१३ मध्ये एक कोटी चौतीस लाखांवर लग्नं लागली होती. २०२४ मध्ये एकसष्ट लाख. पस्तीस वर्षं एकाच मुलाचं धोरण राबवलं, आता तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,६०० युआन देऊ करतायत. आमची सेल्स मॅनेजर म्हणाली, पाळणा कुठे टांगू, तेराव्या मजल्यावर?

आणि अलीबाबा कंपनीचे संस्थापक जॅक मा. ऑक्टोबर २०२० मध्ये एका भाषणात त्यांनी बँकांना सावकारी दुकानं म्हटलं, दहा-बारा दिवसांत त्यांच्या अँट कंपनीचा जगातला सर्वांत मोठा ठरणारा आयपीओ थांबला. पुढच्या जुलैत खासगी शिकवण्यांचा आख्खा धंदा एका फर्मानात बसला. मुलांवरचा ताण कमी व्हावा हा हेतू होता. कोटा किंवा लातूर पाहिलेल्या माणसाला तो हेतू समजतो. पण सकाळी उठल्यावर आपला धंदा बेकायदा झालेला असू शकतो, हे ज्याला एकदा कळलं तो पुढच्या दहा वर्षांची मशिनरी घेत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मा यांना पुन्हा पहिल्या रांगेत बसवून शी यांनी हस्तांदोलन केलं. फोटो छान आला होता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे चीन कोसळणार. हे 'कोसळणार' मी पंचवीस वर्षं ऐकतोय, आणि आपल्या टीव्हीवर ते ज्या आनंदाने सांगितलं जातं त्याचा मला कंटाळा आला आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी दुर्मीळ धातूंच्या चुंबकांवर निर्बंध घातले, तर काही आठवड्यांत चाकण-आकुर्डीच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या लाइनवर घाम फुटला. बॅटरी, सौर पॅनल, जहाजं, कशातही त्यांना आज तोड नाही. २०२५ मध्ये त्यांचा व्यापारी शिलकीचा आकडा पहिल्यांदाच एक लाख कोटी डॉलरच्या वर गेला. पण ही शिलक म्हणजे नुसतं बळ नव्हे. घरच्या माणसाला घेता येत नाही म्हणून बाहेर लोटलेला माल आहे तो. २०२४ मध्ये अकरा कोटी टनांहून जास्त पोलाद त्यांनी निर्यात केलं. आपल्या सरकारने पुढच्या एप्रिलात १२ टक्के शुल्क लावलं ते त्यामुळे. तिथे थांबलेल्या इमारतीत न लागलेली सळई कुठे तरी जाणारच.

भोसरीचा टूलरूमवाला या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला आहे. त्याचं कोटेशन साडेपंधरा हजार डॉलरच्या घरात होतं. मी त्याला चीनचा आकडा सांगितला, सांगायला नको असतो तरी. त्याने चष्मा काढून पुसला. "साहेब, एवढ्यात मी स्टील आणून तुमच्या दारात टाकतो, मोल्ड तुम्ही करा." त्याच्याकडे आता आठ पोरं आहेत, पूर्वी वीस होती. आयटीआय झालेला पोरगा बेंचवर बसून पॉलिश करायला तयार नसतो, डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतो, हे तो मला दर वेळी सांगतो.

आणि तो साठ टक्क्यांचा अ‍ॅडव्हान्स. तो कशाला हवा आहे हे कळायला मला फार डोकं लावावं लागलं नाही. माझ्या पैशातून हुआंगयानचा मालक आधीच्या गिऱ्हाइकाच्या मोल्डचं स्टील उचलणार, कदाचित थकलेले पगार देणार. आणि माझ्या मोल्डचं स्टील पुढच्या कुणाच्या तरी अ‍ॅडव्हान्समधून येणार. पुढचा आलाच तर. त्याने फसवायचं ठरवलंय असं मला मुळीच वाटत नाही. जेवताना पैज लावून पेले रिकामे करायला लावणारा तो माणूस सचोटीचा आहे, एकदा वाकडा निघालेला कोअर त्याने स्वतःच्या खर्चाने विमानाने पाठवला होता. पण झेंगचौच्या त्या बिल्डरने तरी पहिल्या दिवशी फसवायचं कुठे ठरवलं होतं? शेठना मी एवढंच सांगितलं, की तीस टक्के देऊ, स्टीलच्या ठोकळ्याचं सर्टिफिकेट आणि फोटो आल्यावर पुढचे वीस. ते म्हणाले, बघा तुम्ही. मामला अजून तिथेच आहे. भोसरीवाल्यालाही मी नाही म्हटलेलं नाही.

त्या दिवशी स्टेशनला पोचायला अजून पंधरा मिनिटं होती, तेव्हा सेल्स मॅनेजरने मला विचारलं, तुमच्याकडे बिल्डरने घर दिलं नाही तर काय करता? मी म्हटलं, आमच्याकडे महारेरा आहे. माझ्या मेहुण्याचाच फ्लॅट रखडला होता. सगळ्यांनी मिळून तक्रार केली, बिल्डरच्या ऑफिससमोर बोर्ड घेऊन बसले, पेपरात फोटो आला. "पोलीस?" आले होते, चहा पिऊन गेले. "आणि पेपरवाल्यांना काही झालं नाही?" नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग घर मिळालं ना?"

घर नाही मिळालं अजून, मी म्हटलं. निकाल आमच्या बाजूने लागला, वसुलीचा कागद कलेक्टर कचेरीत पडून आहे. पण तो बिल्डर मध्यंतरी आमच्या वॉर्डात निवडणुकीला उभा राहिला होता.

"मग?"

पडला.